टीका आधी कोणाच्या कानावर घालायची? ख्रिस्ती विचार, सोप्या भाषेत

दर थोड्या महिन्यांनी हे होतंच. कुठल्यातरी पाळकांच्या संदेशाची अर्ध्या मिनिटाची क्लिप फिरायला लागते आणि खाली ख्रिस्ती लोकच एकमेकांवर तुटून पडतात. एक गट म्हणतो, "न्याय करू नका असं प्रभूने सांगितलंय, गप्प बसा आणि प्रार्थना करा." दुसरा म्हणतो, "पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर झापलं होतं, मग आम्हीच का गप्प बसायचं?" (पौल आणि पेत्र हे ख्रिस्ती मंडळीचे पहिल्या पिढीतले पुढारी.) वचनं दोघांकडे तयार असतात. ख्रिस्ती नसलेला एखादा मित्र हे वाचतो आणि विचारतो, अरे तुमच्यात नक्की नियम काय आहे, टीका करायची की नाही?

करायची. न करणं हे सुद्धा बायबलच्या हिशोबात चूक धरलंय, ते पुढे येईलच. पण ख्रिस्ती विचारात "गोड बोला की कडक बोला" यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे, तो म्हणजे ती टीका सगळ्यात आधी कोणी ऐकली. ज्याच्याबद्दल आहे त्याने, की बाकी सगळ्यांनी?

पोप फ्रान्सिस यांच्या दोन वाक्यांवरून हे लगेच कळतं. सप्टेंबर २०२० मध्ये, कोविड ऐन भरात असताना ते म्हणाले होते की कुजबुज आणि चहाड्या ही कोविडपेक्षा वाईट साथ आहे. आणि जानेवारी २०२३ मध्ये एका मुलाखतीत, स्वतःवर होणाऱ्या टीकेबद्दल विचारल्यावर म्हणाले की टीका होऊ दे, म्हणजे बोलायला मोकळीक आहे हे तरी दिसतं, फक्त माझ्या तोंडावर करा. काही लोकांना यात विसंगती वाटली. मला तरी दोन्ही वाक्यं एकाच जागेवरून आलेली दिसतात, आणि ती जागा म्हणजे मत्तयाचा अठरावा अध्याय. पण त्याच्याही आधी थोडं मागे जावं लागेल.

गप्प बसणं म्हणजे प्रेम नाही

"आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हे वाक्य ख्रिस्ती नसलेल्यांनाही माहीत असतं. ते मूळचं येशूच्या कितीतरी आधीच्या लेवीय पुस्तकातलं आहे, अध्याय १९, वचन १८. आता त्याच्या बरोब्बर आधीचं, म्हणजे सतरावं वचन किती जणांना पाठ आहे बघा. त्याचा अर्थ असा की भावाचा मनातल्या मनात द्वेष करत बसू नकोस, त्याची चूक त्याला स्पष्ट सांग, नाहीतर त्याच्या पापाचा वाटा तुझ्याही माथी येईल. मग सूड घेऊ नकोस, मनात अढी धरू नकोस, आणि मग प्रीती कर. म्हणजे चूक दाखवणं हा प्रीतीच्या आज्ञेचाच भाग आहे, तिला लावलेला अपवाद नाही.

आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. "जाऊ दे, कशाला बोलायचं, संबंध खराब होतील" असं म्हणून माणूस बोलत नाही, आणि मग पंधरा वर्षं त्या घरी जेवायला जात नाही, का जात नाही ते अख्ख्या भावकीला माहीत असतं, फक्त ज्याच्या घरी जात नाही त्यालाच माहीत नसतं. लेवीयमधल्या दोन वचनांत या सगळ्याचं नाव "मनातला द्वेष" असं आहे.

मत्तय १८ च्या पायऱ्या

येशूने यावर जवळजवळ कार्यपद्धतीच दिली आहे, मत्तय १८:१५ ते १७. भावाने तुझा अपराध केला तर त्याच्याकडे जा, दोघंच असताना सांग. ऐकलं तर तुझा भाऊ तुला परत मिळाला. नाही ऐकलं तर एक-दोघांना बरोबर घेऊन जा. तरी नाही तर मंडळीला सांग, मंडळी म्हणजे इमारत नव्हे, तिथली माणसं. आणि मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परराष्ट्रीय किंवा जकातदारासारखा होवो (त्या काळी यहुदी लोक या दोघांनाही दूर ठेवायचे). या सगळ्या प्रकाराला चर्चच्या भाषेत "मंडळीची शिस्त" म्हणतात.

दुसऱ्या पायरीवरचे एक-दोघं कशाला, तर बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (१९:१५) नियम आहे की एकाच साक्षीदाराच्या बोलण्यावर कोणालाही दोषी धरायचं नाही. लोक याचा अर्थ "माझ्या बाजूचे दोघं घेऊन जायचे" असा लावतात, आणि मग समोरच्याच्या दारात तीन माणसं उभी राहिली की ती चर्चा कसली, तो मोर्चाच झाला. ते दोघं तुमची बाजू सुद्धा तपासायला आहेत. नीतिसूत्रे १८:१७ मध्ये म्हटलंय की आधी बाजू मांडणारा खराच वाटतो, दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंत.

आता प्रत्यक्षात बहुतेक मंडळ्यांमध्ये हे कसं होतं? पहिली पायरी गाळली जाते. तक्रार आधी बायकोला, मग भगिनी मंडळात, मग पास्टरेट कमिटीतल्या ओळखीच्या माणसाला, मग ग्रुपवर. आणि सगळ्यात सफाईदार प्रकार म्हणजे प्रार्थनेची विनंती. "अमुक भावासाठी प्रार्थना करा, सध्या त्यांच्या घरात जरा... जास्त सांगत नाही, प्रभूला माहीत आहे." प्रभूला माहीत होतंच, आता पन्नास घरांनाही झालं. इतकं बेमालूम चहाडीला देवाचं काम बनवणारं दुसरं काही मी तरी पाहिलेलं नाही, आणि बोलणाऱ्याला बहुतेक वेळा कळतही नाही की आपण चहाडी करतोय.

एकट्याने जायचं कारण असं की माणसाला आपली चूक मान्य करायला जागा लागते, आणि ती जागा प्रेक्षक आले की संपते. चार लोकांसमोर सांगितलं की तो त्या चौघांना उत्तर द्यायला लागतो, तुम्ही काय म्हणताय ते बाजूलाच राहतं. येशूच्या त्या वाक्यात यशाची खूण पण दिलेली आहे, "भाऊ परत मिळाला". आपण वादात जिंकलो का, आपलं म्हणणं सिद्ध झालं का, यातलं काहीही त्यात नाही.

"पण न्याय करू नका असं म्हटलंय ना?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो, मत्तय ७:१. ते वचन तिथेच थांबत नाही ही अडचण आहे. पुढची चार वचनं वाचली तर येशू सांगतो की आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. ते तिथेच राहू दे असं कुठे म्हटलंय?

आणि डोळ्यात गेलेलं कुसळ काढणं हे काय काम आहे ते आठवून बघा. लहानपणी डोळ्यात कचरा गेला की आई उजेडात घेऊन जायची, डोकं मांडीवर घ्यायची, एका हाताने पापणी धरायची, पदराचं टोक ओलं करून अलगद टिपायची, आणि हे सगळं जवळ गेल्याशिवाय होत नाही, लांबून ओरडून तर अजिबातच नाही. शिवाय आपण तिला डोळ्याला हात लावू द्यायचो कारण ती आई होती, रस्त्यावरच्या कोणालाही लावू दिला नसता. ज्याच्याशी आपलं साधं बोलणंही नाही अशा माणसाच्या डोळ्यात बोट घालायला निघालो तर तो हात झटकणारच, त्यात त्याचा अहंकार शोधण्यात अर्थ नाही.

गलतीकरांस ६:१ मध्ये पौल हेच सांगतो, कोणी चुकीत सापडला तर सौम्यपणे त्याला ताळ्यावर आणा, आणि स्वतःकडे लक्ष ठेवा, तुम्हीही मोहात पडाल. मोह कसला? मला वाटतं दुसऱ्याची चूक दाखवताना जी एक गोड ऊब येते ना अंगात, आपण बरे आहोत अशी, तिचाच असावा.

चौथ्या शतकातलं व्हायरल पत्र

आता एक खरी गोष्ट सांगते, मला फार आवडते. दोन माणसं, दोघंही पुढे संत म्हणून गाजले. एक ऑगस्टीन, उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावचा, आजच्या अल्जीरियात येतं ते. दुसरे जेरोम, वयाने मोठे, बेथलेहेमात राहून बायबलचं लॅटिन भाषांतर करणारे, विद्वान आणि तितकेच तापट.

जेरोम यांनी गलतीकरांच्या पत्रावर लिहिताना असं म्हटलं होतं की अंत्युखियात पौल आणि पेत्र यांचं जे भांडण झालं ते खरं नव्हतं, लोकांना शिकवण मिळावी म्हणून दोघांनी केलेलं सोंग होतं. ऑगस्टीनला हे पटेना, कारण शास्त्रात एक खोटं मान्य केलं की बाकीच्या कशावर विश्वास ठेवायचा. त्याने साधारण ३९५ च्या सुमारास जेरोम यांना पत्र लिहिलं. पत्र नेणाऱ्या माणसाला निघण्याआधीच बिशप केलं गेलं आणि तो थोड्याच दिवसांत वारला, पत्र गेलंच नाही. मग काही वर्षांनी दुसरं पत्र, दुसऱ्या माणसाच्या हाती, आणि तो समुद्रप्रवासाला घाबरला आणि गेलाच नाही. पण पत्राच्या नकला मात्र निघाल्या आणि त्या इटलीत फिरायला लागल्या. जेरोम यांना कळलं कसं, तर एका डीकनला, म्हणजे चर्चच्या सेवकाला, एड्रियाटिक समुद्रातल्या एका बेटावर ऑगस्टीनच्या इतर लिखाणात ते पत्र दिसलं!

म्हणजे ज्याला लिहिलं त्याला सोडून बाकी जगाने वाचलं. जेरोम यांचे मित्र कान भरायला होतेच, की हा तरुण तुमच्यावर टीका करून नाव कमावतोय. जेरोम यांनी उत्तर पाठवलं त्याचा सूर असा की हे पत्र खरंच तुझं आहे का ते आधी सांग, तुझ्या सहीची प्रत पाठव, आणि म्हाताऱ्या माणसाला उगाच डिवचू नकोस.

गंमत अशी की मुद्दा ऑगस्टीनचा बरोबर होता, निदान बहुतेक अभ्यासकांना पुढे तोच पटला. भाषाही त्याची वाईट नव्हती. हेतूत खोट नव्हती. चुकला फक्त ऐकणाऱ्यांचा क्रम, आणि तो सुद्धा त्याच्या हातात नसलेल्या कारणांनी, तरी कितीतरी वर्षं वाया गेली. ऑगस्टीनने मग काय केलं तर "मी कुठे मुद्दाम पसरवलं" एवढं सांगून थांबला नाही. दुखावलं त्याबद्दल क्षमा मागितली, पण मुद्दा सोडला नाही. ४०५ च्या सुमाराच्या एका लांबलचक पत्रात तो लिहितो की चर्चच्या पदांप्रमाणे बिशप (म्हणजे ऑगस्टीन स्वतः) हा याजकापेक्षा (म्हणजे जेरोमपेक्षा) मोठा असेल, पण बऱ्याच बाबतीत ऑगस्टीन जेरोमपेक्षा लहान आहे, आणि लहानाकडूनही सुधारणा घ्यायला लाजू नये. पुढे पेलागियस नावाच्या उपदेशकाच्या शिकवणीवरून वाद पेटला तेव्हा हे दोघं एका बाजूला उभे होते.

क्षमा मागणं आणि मुद्दा सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपल्याकडे बहुतेक भांडणं इथेच अडकतात असं मला वाटतं.

"मग पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर का झापलं?"

कारण पेत्राने जे केलं ते सगळ्यांसमोरच केलं होतं. प्रकार असा (गलतीकरांस २:११ ते १४): अंत्युखियात पेत्र यहुदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांबरोबर बसून जेवायचा. यरुशलेमेहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसं आली आणि हा त्यांना घाबरून वेगळा बसायला लागला, त्याचं बघून इतर यहुदी आणि पौलाचा सोबती बर्णबा सुद्धा. मराठी माणसाला याचं गांभीर्य समजावून सांगायची गरज नाही, हा सरळसरळ पंगतभेद होता. ज्यांना ताटावरून उठवलं त्यांचा अपमान उघड झाला होता, मग दुरुस्ती बंद खोलीत करून त्यांना काय कळणार?

म्हणजे ढोबळ नियम असा निघतो की खासगी चूक खासगीत आणि उघड चूक उघडपणे. पहिलं तीमथ्य ५:१९-२० मध्येही असंच आहे, वडिलांवरचा म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांवरचा आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय घेऊ नका, पण ते पाप करतच राहिले तर सगळ्यांसमोर दोष दाखवा. तेराव्या शतकात थॉमस अॅक्वायनस यांनी यावर सविस्तर विचार केला. त्यांचं म्हणणं, वरिष्ठाची चूक कनिष्ठाने दाखवणं योग्यच आहे, फक्त आदराने आणि शक्यतो खासगीत, पण श्रद्धेलाच धोका असेल तर चारचौघांतही, आणि उदाहरण त्यांनी हेच पौल-पेत्राचं दिलं.

मग क्लिपवर कमेंट करायला हरकत नाही? संदेश जाहीर दिला असेल तर त्यातल्या शिकवणीवर जाहीर बोलता येतं, हो. पण शिकवणीवर. त्यांची गाडी, त्यांच्या बायकोची साडी आणि मुलगा कुठे शिकतो याचा त्यात काही संबंध नाही. आणि अर्ध्या मिनिटाची क्लिप बघून तर मुळीच नको, पूर्ण संदेश ऐका आधी. नीतिसूत्रे १८:१३ मध्ये पूर्ण ऐकण्याआधी उत्तर देण्याला मूर्खपणा म्हटलंय.

जाता जाता एक. मत्तय १६:२२ मध्ये पेत्र स्वतः येशूला बाजूला घेऊन झापतो. बाजूला घेऊन! पद्धत अगदी बरोबर. आणि तरी "सैताना, माझ्यामागे हो" असं ऐकून घ्यावं लागलं, कारण म्हणणंच चुकीचं होतं. तेव्हा नुसत्या पद्धतीवर सगळं भागत नाही.

मोठ्यांना बोलायचं कसं?

आपल्या मंडळ्यांमध्ये हा खरा अवघड भाग. "उलटं बोलू नये" हे घरातून आलेलं आणि "देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नका" हे व्यासपीठावरून आलेलं, दोन्ही मिळून माणसाचं तोंड पक्कं बंद होतं. ते अभिषिक्ताचं वचन स्तोत्रसंहिता १०५:१५ मधलं आहे, आणि त्याच्या जोडीला दाविदाने शौल राजाला ठार न मारण्याबद्दल म्हटलेले शब्द दिले जातात, बरं का. हिशोब विचारण्याबद्दल तिथे एक अक्षर नाही.

बायबलमध्ये खालून वर गेलेल्या टीकेची उदाहरणं भरपूर आहेत. कुष्ठरोग झालेला नामान सेनापती संदेष्ट्याने सांगूनही बरं होण्यासाठी यार्देन नदीत बुडी मारायला तयार नव्हता, रागाने परत निघाला होता, त्याला समजावलं ते त्याच्या चाकरांनी. त्यांनी सुरुवात केली "बाप" या संबोधनाने आणि विचारलं की संदेष्ट्याने काही अवघड सांगितलं असतं तर केलं असतंत ना? (दुसरे राजे ५:१३). मान ठेवला, प्रश्न विचारला, आणि मुद्दा बारीक सुद्धा सोडला नाही. पौलही तीमथ्याला सांगतो, वडीलधाऱ्याला कठोर शब्द वापरू नको, बाप समजून विनंती कर.

सहाव्या शतकातल्या बेनेडिक्ट यांच्या मठाच्या नियमावलीत एक कलम आहे जे मला प्रत्येक कमिटीच्या भिंतीवर लावावंसं वाटतं. बाहेरगावचा एखादा संन्यासी पाहुणा म्हणून आला आणि त्याने नम्रपणे, कारणं देऊन मठातलं काही खटकलेलं सांगितलं, तर मठाधिपतीने विचार करावा की देवाने त्याला यासाठीच तर पाठवलं नसेल ना. आपल्याकडे पाहुण्याने बोलायचं म्हणजे, "दोन दिवसांसाठी आलाय, याला काय माहीत!"

आणि आपलं घरचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आध्यात्मिक आईसारख्या, रमाबाई त्यांना आजीबाई म्हणायच्या. या आजीबाईंना रमाबाईंचं प्रश्न विचारणं हा गर्व वाटायचा. रमाबाई पत्रांतून उत्तरं देत राहिल्या, आदराने पण न वाकता. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमच्या संस्कृतपेक्षा त्यात काय जास्त पवित्र आहे? आणि १८८५ च्या एका पत्रात त्यांनी लिहिलं, त्याचा आशय असा की हिंदुस्थानातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसंच दुसरं जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. एक तरुण विधवा, परक्या देशात, आश्रय देणाऱ्यांनाच हे लिहितेय. त्यांनी हे सगळं आधी मायदेशातल्या वर्तमानपत्रात छापलं नाही, त्या बाईंनाच लिहिलं. आणि जेराल्डिनबाईंना कितीही लागलं असलं तरी त्यांनी ही पत्रं जाळून टाकली नाहीत, जपली, जुळवून ठेवली, १९७७ मध्ये ती मुंबईत छापली गेली आणि म्हणून आज आपल्याला वाचता येतात.

मत्तय १८ कुठे लावायचं नाही

यावर अजिबात गुळमुळीत बोलायला नको. मुलांवरचा लैंगिक अत्याचार, मारहाण, पैशाची अफरातफर, हे "भावाने माझा अपराध केला" या खात्यात बसत नाही. पीडित मुलीला "आधी तू त्यांना एकटीने भेटून बोल, मत्तय १८ वाच" असं सांगणारे लोक असतात, आणि ते वचनाचा आधार घेऊन गुन्हेगाराला वाचवत असतात. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या कोणीही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. फादर, पास्टर, संडे स्कूलची टीचर, कोणालाही सूट नाही. कॅथलिक चर्चनेही २०१९ मध्ये जगभरच्या याजकांना आणि धर्मभगिनींना अशा तक्रारी चर्चच्या अधिकाऱ्यांकडे नोंदवणं सक्तीचं केलं आणि स्थानिक कायद्याची बंधनं वेगळी पाळायचीच आहेत हेही त्यात लिहिलं.

एकांतात जाऊन सांगण्याची पायरी ही समोरच्याची अब्रू राखण्यासाठी आहे, आणि अब्रू राखण्यात दुसऱ्याचा जीव धोक्यात जात असेल तर ती पायरी लागूच होत नाही.

आता ऐकून घेण्याची बाजू

बोलण्याबद्दल इतकं लिहिलं जातं, ऐकण्याबद्दल फार कमी, आणि बायबलात मात्र उलट आहे, नीतिसूत्रे तर जवळजवळ पानोपानी ऐकणाऱ्यालाच धरून बोलतं.

नाथान आणि दाविदाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते (दुसरे शमुवेल १२). राजाने उरीयाची बायको घेतली, त्याला लढाईत मारवलं, संदेष्टा नाथान येऊन एका गरीबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो, राजा चिडतो, आणि नाथान म्हणतो, तो माणूस तूच. लोक नाथानाच्या कौशल्याचं कौतुक करतात. मला दाविदाचं उत्तर जास्त बघण्यासारखं वाटतं, "मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे", संपलं. परिस्थिती तशी होती, तिने असं केलं, तुला कोणी सांगितलं, तुझा सूर बरोबर नव्हता, यातलं काही नाही. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" असलंही काही नाही.

पण टीका करणारा वाईट हेतूने करत असेल तर? त्यालाही उदाहरण दाविदाचंच, चार अध्याय पुढे. मुलाच्या बंडामुळे दावीद पळून जात असताना शिमी नावाचा माणूस त्याला शिव्या देतो, दगड मारतो. सोबतचा अबीशय म्हणतो, जाऊन मुंडकं उडवू का? दावीद म्हणतो, राहू दे, कदाचित परमेश्वरानेच त्याला सांगितलं असेल. आता शिमीचं बोलणं खरं होतं का? तो म्हणत होता की शौलाच्या घराण्याचं रक्त दाविदाच्या माथी आहे, आणि आधीच्या अध्यायांप्रमाणे ते खोटं होतं. पण हातावर रक्त होतंच, उरीयाचं. आरोप चुकीचा, तरी त्यात दाविदाने ऐकण्यासारखं काहीतरी होतं. अशी टीका आपल्या वाट्याला फार येते, नव्वद टक्के द्वेष आणि एका कोपऱ्यात खरा खडा, आणि आपण नव्वद टक्क्यांवर बोट ठेवून तो खडा ढकलून देतो.

सगळंच मान्य करायचं असंही नाही. पौल करिंथकरांना लिहितो (पहिलं पत्र, ४:३-४) की तुम्ही माझा निवाडा केलात तरी मला त्याचं फार वाटत नाही, आणि लगेच पुढे, माझं मन मला खात नाही पण तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही. दोन्ही टोकं एका दमात. हे त्याला कसं जमतं याचं ख्रिस्ती उत्तर कृपेत आहे, कृपा म्हणजे न कमावता मिळालेली देवाची माफी. ख्रिस्ती माणूस दर रविवारी आपण पापी आहोत हे मोठ्याने कबूल करतो, मग सोमवारी कोणीतरी एक नेमकं पाप दाखवलं तर एवढं आभाळ का कोसळावं? एकूणात कबूल आणि तपशिलात नाकबूल, असा आपला कारभार. ज्याची किंमत देवापाशी आधीच ठरलेली आहे त्याला प्रत्येक टीका ही कोर्टातली केस वाटायचं कारण नाही.

धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी १७३८ मध्ये इंग्लंडात छोटे गट सुरू केले तेव्हा आत यायच्या आधी प्रत्येकाला विचारायचे, तुझे दोष तुला स्पष्टपणे, अगदी वर्मावर बोट ठेवून सांगितले जावेत अशी तुझी इच्छा आहे का? आधी परवानगी, मग टीका. आजही करून बघण्यासारखं आहे हे, एखाद्या विश्वासाच्या माणसाला आपणहून विचारायचं की माझं काय खटकतं सांग, आणि मग तो बोलत असताना मध्ये तोंड उघडायचं नाही. दुसरा भाग फार जड जातो.

आणि सगळं करूनही ऐकलंच नाही तर?

एकटे गेलात, दोघांना नेलंत, मंडळीत बोललात, तरी काही फरक नाही. तेव्हा "तो परराष्ट्रीय आणि जकातदारासारखा होवो". मंडळ्यांनी याचा अर्थ बहिष्कार असा लावून कितीतरी घरं तोडली आहेत, लग्नाला जायचं नाही, मयताला जायचं नाही. त्याला जबाबदारीच्या जागेवरून काढणं, कमिटीत न घेणं, त्याच्या हाती चर्चचे पैसे न देणं, हे यात येतंच, आणि करायलाही हवं. पण हे वाक्य ज्या शुभवर्तमानात आहे त्याला ज्या मत्तयाचं नाव आहे तो स्वतः जकातदार होता, नवव्या अध्यायात येशू त्याला नाक्यावरून उठवतो आणि जकातदारांच्या पंगतीला जेवायला बसतो, आणि त्याबद्दल परूश्यांची, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी पंथाच्या लोकांची, टीका ऐकून घेतो. ती टीका परूश्यांनी केली कोणाकडे, तर येशूच्या शिष्यांकडे. येशूला विचारलंच नाही.